चौदाव्या पिळावर

ट्रूमन शिडी घेऊन आला तेव्हा मी अजून कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

जानेवारीची तीन तारीख होती, सकाळचे आठ वाजले होते. कॉफी शेगडीवर होती आणि माझ्या अंगात अजून एल्डनचा जुना स्वेटर होता. पहाटे वारा सुटला आणि डोक्यावर काहीतरी फडफडायला लागलं, त्यानेच मला जाग आली होती. उजाडल्यावर मी गाडीच्या मागच्या शिडीने छपरावर चढले आणि पाहिलं, तर स्लाइडवरचं कापड मधोमध फाटून लोंबत होतं. खाली उतरून पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, तोच दारावर टकटक झाली. दारात शेजारचा ट्रूमन हॅस्केट उभा होता आणि त्याच्या खांद्यावर शिडी होती.

"वरचं कापड गेलं ना?" त्याने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"दिसलं." त्याने शिडी माझ्या गाडीला टेकवली. "माझ्या छपरावरून दिसलं."

मी त्याला कॉफी दिली. त्यात मी नेहमीप्रमाणे साखर घालायची विसरले आणि त्याने नेहमीप्रमाणे तक्रार केली नाही.

मोटरहोममध्ये ज्यांनी संसार केला नाही त्यांना हे कापड काय ते सांगायला हवं. आमच्या गाडीच्या भिंतीचा एक भाग बटण दाबलं की टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकतो, सोफ्यासकट, खिडकीसकट. तीच आमची बैठकीची खोली. तिला सगळे स्लाइड म्हणतात. तिच्या डोक्यावर पाणी आणि पाचोळा साचू नये म्हणून एक जाड कापड ताणलेलं असतं. त्याचा एक काठ गाडीच्या भिंतीत अडकवलेला असतो, दुसरा स्लाइडच्या बाहेरच्या कडेवरच्या नळीला. नळीच्या पोटात स्प्रिंग असते. खोली आत घेतली की दुकानाच्या शटरसारखं कापड आपोआप गुंडाळलं जातं. पण फाटलेलं कापड गुंडाळताना मध्येच अडकतं, मग खोली आत येत नाही, आणि खोली बाहेर असेपर्यंत गाडी जागची हलवता येत नाही. जिथे आहात तिथेच बसून राहायचं.

आणि मला बसून राहणं परवडणारं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा एल्डन गेला तो टेक्सासमध्ये, रस्त्याच्या कडेला, स्टिअरिंगवर हात ठेवून. "जरा थांबतो, छातीत जड वाटतंय," एवढं म्हणाला आणि गाडी नीट बाजूला घेऊन, हँडब्रेक लावून गेला. तिथे फोन लागत नव्हता. एक ट्रकवाला थांबेपर्यंत मी तीन तास त्याच्याशेजारी बसून होते. तेव्हापासून माझ्या मुलीने, कोरीनने, एकच धोशा लावला होता. गाडी विक, नेब्रास्काला ये, गॅरेजच्या वरची खोली तयार आहे, पडदेसुद्धा शिवलेत. पण घर आम्ही कधीच विकून टाकलं होतं. ही गाडीच माझं घर होती, आणि सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला गाडी चालवायची भीती कसली? गॅरेजवरच्या खोलीत मी वर्षभरात मरेन हे मला पक्कं ठाऊक होतं. कोरीनलाही ठाऊक असावं, पण तिथे निदान तिच्या डोळ्यांदेखत मरेन.

कोरीन नव्या वर्षासाठी चार दिवस माझ्याकडे येऊन आदल्याच दिवशी परत गेली होती. मी तिला फोन केला आणि कापडाचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही.

"आई, बस्स झालं आता," ती म्हणाली. "नोव्हेंबरात पाण्याचा पंप गेला, आता हे. पुढच्या वेळी काय, ब्रेक?"

"कापड आहे गं. बदलता येतं."

"कोण बदलणार? बाबा आहेत का तिथे?"

हे ती बोलायला नको होती. माझं डोकंच फिरलं.

"मी बदलणार! माझ्या हाताने, महिना संपायच्या आत. नाही जमलं तर गाडी विकायला काढते आणि येते तुझ्या गॅरेजवर, मग तर झालं?"

"शब्द?"

"शब्द दिला."

मी फोन ठेवला. एका कापडावर मी माझं घर पणाला लावलं होतं.

आमच्या तळावर मदत मागायची पद्धत नाही. हिवाळ्याचे सात महिने आम्ही दोनेकशे गाड्या ऍरिझोनाच्या त्या काळ्या खडकाळ माळावर विखरून राहतो, प्रत्येकाचं पाणी त्याचं, वीज त्याची. गाडीला एक शिडी लावली असेल तर समजायचं, त्या माणसाला एकट्याने काम करायचंय, तिकडे फिरकू नका. दोन शिड्या दिसल्या तर मदत हवी आहे. मग ज्याला वेळ असेल तो येतो आणि कामाच्या शेवटी जेवून जातो. पण शिड्या ज्याची गाडी त्यानेच लावायच्या. ट्रूमनने माझी पहिली लागायच्या आत आपली आणून टेकवली होती. पंधरा वर्षं माळावर काढलेल्या माणसाला एवढं कळत नाही?

दुपारी मी पुन्हा छपरावर चढले. ट्रूमनची गाडी ओढ्याच्या अंगाला, उतारावर उभी होती. माझ्या छपरावरून मला त्याचं छप्पर दिसत होतं, त्यावरची कबुतरांची घाणसुद्धा. पण त्याच्या छपरावर मधोमध उभं राहिलं तरी माझ्या स्लाइडची फक्त बाहेरची कड दिसली असती. फाटलं होतं ते मध्ये, वरच्या अंगाला.

म्हणजे तो खोटं बोलला होता.

रोज चारला आम्ही सगळे आपापली खुर्ची आणि आपापला ग्लास घेऊन ग्लेंडाच्या गाडीसमोर गोल करून बसतो. त्या दिवशी मी लवकर गेले आणि ग्लेंडाला सांगितलं. ग्लेंडा बोलायला तिखट, मनाने चांगली, तिचा एका डोळ्याचा कुत्रा मांडीवर.

"अगं, तो तुझ्यावर भाळलाय, दुसरं काय," ती म्हणाली.

"भाळलेला माणूस फुलं आणतो."

"इथे फुलं कुठून आणणार बिचारा, निवडुंगाची? इथले पुरुष काहीतरी दुरुस्त करून देतात. माझ्या दुसऱ्या नवऱ्याने माझा संडास दुरुस्त करून मला मागणी घातली होती." तिने एक घोट घेतला. "आणि दुरुस्त करायला काही नसलं, तर आधी मोडत असतील!"

ती खदखदून हसली. मी हसले नाही.

"गंमत करतेय गं, मार्लिस."

तिने गंमत केली, पण माझ्या डोक्यात ती रुतून बसली. पंपही ट्रूमननेच दुरुस्त केला होता. टर्कीच्या सणाला कोरीन आली होती, आम्ही दोघी ताटं विसळत होतो आणि नळाचं पाणी बंद झालं. दुसऱ्या दिवशी ट्रूमन गाडीखाली आडवा झाला आणि तुटलेली वायर घेऊन बाहेर आला. "उंदीर," तो म्हणाला आणि वायरचा तुकडा खिशात घातला. वाळवंटातले उंदीर वायरी कुरतडतात हे खरं. पण तुकडा खिशात कशाला घालायचा? आणि त्याच्या कमरेला चामड्याच्या म्यानात कायम एक वाकड्या पात्याची सुरी असायची. चाळीस वर्षं त्याने स्पोकेनमध्ये लोकांच्या घरात गालिचे बसवले होते, त्या कामाची सुरी. जाड कापड त्या पात्यापुढे लोण्यासारखं.

बसच्या आरशात न बघता मागच्या बाकावर कोण काय करतंय हे मी सांगू शकायचे. माणूस ओळखण्यात मी चुकत नाही असा माझा समज होता.

पुढचे दहा दिवस मी त्याच्यावर नजर ठेवून काढले. नवीन कापड मागवलं होतं, ते यायचं होतं. खोली बाहेर, गाडी जागच्या जागी, आणि तो शेजारी. सकाळी पडदा बाजूला केला की तो दिसायचा. खुर्चीत बसलेला, माझ्या गाडीकडे तोंड करून. संध्याकाळी एकदा येऊन म्हणाला, "मुलीचा फोन येतो का गं?"

"रविवारी येतो. का?"

"सहज विचारलं." थोडा वेळ तो बुटाच्या टोकाने खडे उकरत राहिला. "काही म्हणाली का?"

"काय म्हणायचंय तिने?"

"काही नाही," तो म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून मी दाराला दुसरी कडी लावायला लागले. माझ्या मुलीची चौकशी कशाला? ती मला घेऊन जाईल अशी याला भीती वाटतेय, असा मी अर्थ लावला. मी इथून हलू नये म्हणून हा माझी गाडी मोडतोय. सगळं कसं जिथल्या तिथे बसत होतं.

मग काम त्याच्यासोबत का केलं? एकटीने जमण्यासारखं नव्हतं म्हणून. स्प्रिंगचं काम आमच्याकडे दोघांचंच, आणि हात त्याच्याइतका पक्का माळावर कुणाचा नव्हता. दुसरंही कारण होतं. मला त्याला जवळून बघायचं होतं, काम करताना, तोंड लपवायला जागा नसताना.

कापड शनिवारी गावातल्या दुकानात आलं. रविवारी सकाळी सातला मी माझी शिडी लावली. त्याने दुसरी लावली. रेडिओवर सांगत होते की दहानंतर वारा वाढेल, दुपारी जोर धरेल.

"दहाच्या आत उरकू," ट्रूमन म्हणाला. "वाऱ्यात हे कापड म्हणजे शीड. आपल्या दोघांना मेक्सिकोला पोचवेल."

"तुला बरं पडेल," मी म्हणाले. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

या कामात सगळ्यात वाईट ती स्प्रिंग. नळीच्या टोकाला तिचा खिळा बाहेर येतो. तो एकाने मोठ्या पकडीने घट्ट धरायचा, मग दुसऱ्याने नळी धरून ठेवणारा लोखंडी कंस सोडवायचा आणि पिन हातात ठेवायची. एक पीळ सोडायचा, खिळा फिरू नये म्हणून भोकात पिन घालायची, पकड नव्याने धरायची, पिन काढायची, पुढचा पीळ. किती पीळ सुटले ते मोजायचं, कारण नवीन कापड लावल्यावर तेवढेच भरायचे असतात. पकडवाल्याने बोलायचं नाही, मोजायचं ते पिनवाल्याने, मोठ्याने. हा माळावरचा नियमच आहे. पकडवाल्याचं लक्ष गेलं तर पकड पंख्यासारखी गरगरते. टकर नावाच्या एकाचा अंगठा असाच गेला होता, तो नंतर सगळ्यांना उरलेली चार बोटं दाखवून हा नियम शिकवायचा.

पकड ट्रूमनने धरली. मी मोजलं. चौदा पीळ.

जुनं कापड आम्ही नळीवरून ओढून खाली सोडलं. मी उतरले आणि खडीवर ते उलगडून पाहिलं. वरून पाहिलं होतं तेव्हा फक्त चिंध्या दिसल्या होत्या, वारा दहा दिवस त्याच्याशी खेळत होता. आता जमिनीवर, उन्हात, सगळं नीट दिसलं. कडेच्या शिवणी उन्हाने खाल्लेल्या होत्या, तिथले धागे पिठासारखे भुगा होत होते. पण मधली फाट जिथे सुरू होत होती तिथे दोन वीत कापड सरळ चिरलेलं होतं. एकही धागा लोंबत नव्हता. पुढचं वाऱ्याने फाडलं होतं. पहिल्या दोन विती कुणीतरी पात्याने कापल्या होत्या.

ट्रूमन शिडीवरून उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि लगेच वाकून ते गोळा करायला लागला.

"टाकतो कचऱ्यात," तो म्हणाला. "टरकन फाटलंय, ठेवून काय करायचंय?"

"ठेव ना, राहू दे."

"नको, पायात येईल." त्याने बोळा करून तो त्याच्या ट्रकमध्ये मागे फेकला. कान लाल झाले होते त्याचे. मी पाहिलं.

मला आता कसलीच शंका उरली नव्हती. उरला होता तो फक्त राग, लालबुंद. हा माणूस माझ्या डोक्यावर चढून, माझ्या घरावर सुरी चालवून, वर माझ्याच हातची कॉफी प्यायला होता. त्याच्यामुळे मी माझं घर घालवणार होते. नवीन कापडाच्या काठाला साबणाचं पाणी लावलं, त्यातली प्लॅस्टिकची दोरी खाचेत सरकवली, तो पलीकडून ओढत गेला. भिंतीकडचा काठ बसला. नळीकडचा बसला. हाताने गुंडाळून कापड ताणलं. साडेनऊ झाले होते. ओढ्याकडच्या झाडांचे शेंडे हलायला लागले होते.

"चला, पीळ भरू," तो म्हणाला.

आम्ही दोघं आपापल्या शिडीवर, तोंडाला तोंड, मध्ये हातभर अंतर. त्याने दोन्ही हातांनी पकड धरली. मी मोजायला लागले. एक पीळ, पिन आत, पकड नव्याने, पिन बाहेर. सातव्या पिळाला त्याच्या कपाळावर घाम आला. दहाव्याला तो तोंडाने श्वास घ्यायला लागला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गालिच्यांनी खाल्लेले, पण हात घट्ट.

"चौदा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. शेवटची पिन आत गेली की तो सुटणार होता. पिन माझ्या उजव्या हातात होती, भोक समोर होतं.

"ट्रूमन," मी म्हणाले, "ते कापड वाऱ्याने फाटलेलं नाही."

त्याने पकड आणखी आवळली.

"सुरीने कापलंय."

"पिन," तो म्हणाला.

"आणि पंपाची वायर. उंदराने खाल्ली म्हणालास. तुकडा खिशात का घातलास?"

"मार्लिस, पिन घाल. खाली उतरून बोलू."

"खाली उतरलं की तू पळशील. इथे बोल. तुझ्या छपरावरून माझं कापड दिसत नाही, मी बघून आलेय. मग तुला कसं कळलं रे? मला कळायच्या आत शिडी घेऊन आलास तो?"

"मी नाही कापलं."

"मग कुणी कापलं?"

डोळे माझ्यावरून काढून त्याने खाली, माझ्या पायरीपाशी ठेवलेल्या साबणाच्या पाण्याच्या भांड्याकडे नेले, आणि तिथेच ठेवले.

"मला नाही सांगता येणार."

माहीत नाही, असं तो म्हणाला नाही. सांगता येणार नाही, असं म्हणाला. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मला फक्त चोर दिसत होता.

"तर मग धरून बस," मी म्हणाले.

त्याच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. मनगट थरथरायला लागलं होतं, आधी जरासं, मग जास्त. पकड मागे घेता येत नव्हती, पिन नसताना तो एक बोटसुद्धा हलवू शकत नव्हता. मी ते सगळं बघत होते. पिन भोकापासून चार बोटांवर होती. मी नंतर माळावर सगळ्यांना सांगितलं की घाईत पिन बसली नाही. ते खोटं आहे. मला त्याला दुखवायचं होतं. पुरतं एक मिनिट मला दुसरं काही नको होतं.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "हात सुटतोय."

तेवढ्यात वारा आला. ओढ्याकडून, एकदम, नवीन कापडाच्या पोटात शिरला. नळीला हिसका बसला. मी पिन पुढे नेली, खरंच नेली, पण तोवर पकड सुटली होती. ती किती वेळा फिरली मला दिसलं नाही. फक्त आवाज आला, सुक्या फांद्या एकामागून एक मोडाव्यात तसा. ट्रूमन ओरडला नाही. तो शिडीच्या पायऱ्या एकेक करत उतरला, खाली बसला आणि उजवा हात डाव्या हाताने मांडीवर ठेवला. मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. दोन बोटांची हाडं दिसत होती.

ग्लेंडा धावत आली. तिने टॉवेल आणले, बर्फ आणला, आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघून मला काहीही विचारलं नाही. मोटरहोमच्या मागे जोडून नेते त्या माझ्या छोट्या गाडीत आम्ही दोघींनी ट्रूमनला बसवलं. वर ते नवीन कापड सुटून भिंतीवर आपटत होतं. ग्लेंडा म्हणाली, तू जा, मी बघते.

पार्करचा दवाखाना पस्तीस मैल. ट्रूमनने डोळे मिटले होते, तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. टॉवेल लाल होत चालला होता. मी ऐंशीच्या वेगाने चालवत होते आणि मनात म्हणत होते, त्याचं त्याने ओढवून घेतलं. पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पंधराएक मैल गेल्यावर गाडीतला फोन वाजला. रविवार होता. कोरीनचा आवाज सगळ्या गाडीभर घुमला.

"काय गं आई, झालं का कापड?"

"नाही झालं. ट्रूमनचा हात मोडला. दवाखान्यात नेतेय."

"अरे देवा! कसा?"

"स्प्रिंगमध्ये गेला." माझा आवाज चढला. मला थांबता आलं नाही. "कापड सुरीने कापलेलं होतं, कोरीन. याने. मला इथे अडकवून ठेवायला. मी विचारलं तर सांगेना. म्हणून मी पिन घातली नाही."

मला वाटलं फोन तुटला.

"आई," ती म्हणाली. "त्यांनी तुला काहीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

"मी निघायच्या दिवशी... तू कॉफीचं सामान आणायला गावात गेली होतीस. मी वर चढले होते. उतरताना ते खाली उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं." ती रडायला लागली होती. "ते म्हणाले, पंपाची वायर पण तूच कापलीस ना? मी हात जोडले त्यांना. म्हटलं, मीच सांगते आईला, मला सांगू द्या. ते म्हणाले, सांग मग, पण लवकर सांग. आणि मी रोज... आई, मला रोज फोन उचलून सांगायचं होतं."

मी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक लावला.

"कुणाला काही होणार नव्हतं गं त्यात," कोरीन म्हणत होती. "छोटंसंच काहीतरी मोडायचं, म्हणजे तू कंटाळून येशील. बाबा गेले तेव्हा तू तीन तास एकटी बसली होतीस. मला अजून स्वप्नं पडतात त्याची. आई? गाडी ठेव तू. मी पुन्हा कधी विक म्हणणार नाही. आई, बोल ना काहीतरी."

मी फोन बंद केला.

ट्रूमनचे डोळे उघडे होते. त्याने सगळं ऐकलं होतं. शेजारून एक ट्रक गेला आणि आमची गाडी हलली, तसा तो वेदनेने कण्हला.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "हात जात होता तरी? एक नाव घ्यायचं होतं रे फक्त."

त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"ती सांगते म्हणाली होती," तो म्हणाला. "आणि तुला एकच मुलगी आहे, मार्लिस."

माझी त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी आरशात मागचा रस्ता पाहिला, हँडब्रेक सोडला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पार्कर अजून वीस मैल होतं.